खान्देशातून त्या 'किळसवाण्या' संग्रहालयात काय ठेवाल?

गिरणाकाठ

स्वीडनमधल्या माल्मो शहरात २०१८ साली एक अजब संग्रहालय सुरू झालं. जगभरातले सुमारे ८० पदार्थ तिथं मांडले. निकष असा, की कुठेतरी लोक ते मिटक्या मारत खातात आणि बाकीच्यांना नुसतं बघून मळमळतं. तिकीट म्हणून हातात देतात ती चक्क उलटीची पिशवी. सार्डिनियाचं जिवंत अळ्यांचं चीज, आइसलँडचा आंबवलेला शार्क, फिलिपिन्सचं बलुत (पिल्लू धरलेलं बदकाचं अंडं), उग्र वासाचं ड्युरियन फळ अशी सगळी नामांकित मंडळी आहेत. मला आवडलं ते हे, की अमेरिकेची रूट बिअरही त्याच रांगेत ठेवली. म्हणजे फक्त लांबच्या, गरीब माणसांच्या ताटाची थट्टा नाही.

तर विषय असा. आपल्या खान्देशातून (मालेगाव, सटाणा, कळवणवाल्यांनी लाजू नये, तुम्हीही आमचेच) तिथं काय ठेवाल? अट एकच: जे सुचवाल ते तुमच्या स्वतःच्या घरात खाल्लं जात असलं पाहिजे. शेजाऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवायचं नाही.

माझ्याकडून कुरडईच्या गव्हाचं तिसऱ्या दिवशीचं पाणी. पदार्थ नाही, मान्य. पण दारातच ठेवा, अर्धे लोक तिकिटाचे पैसे परत मागतील.

फैजपुरी

गिरणाभाऊ, दुखत्या जागी हात घातला.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी वर बारीक फेस, हात घातला की पाणी कोमट लागतं. तिसऱ्या दिवशी झाकण उघडायला सुनेला पाठवतात आणि सासू ओट्यावरून सूचना देते. दाणा दोन बोटांत दाबला की पांढरं दूध उडतं, तेव्हा समजायचं गहू झाला. मग वाटायचा, फडक्यातून पिळायचा, आणि भांडं रात्रभर कोणी हलवायचं नाही. सकाळी वर पिवळं पाणी, खाली चीक इतका घट्ट बसलेला की बोट रुतत नाही. ते पाणी मोरीत ओतलं की आख्ख्या गल्लीला कळतं आज कोणाकडे कुरडया आहेत.

आणि तोच चीक मीठ-हिंग घालून शिजला, वाटीत वर कच्चं तेल पडलं, की सकाळी नाक धरून पळालेली पोरं ओट्याभोवती गोळा होतात. सोऱ्यात भरायला उरला तर नशीब.

बिबड्यांचंही, म्हणजे ज्वारीच्या पापडांचंही, तेच. ज्वारी भिजवून आंबवायची, घाटा शिजवताना लसूण-मिरची-जिरं पडेपर्यंत नाकाला पदर. उन्हाळ्यात गच्चीवर ओल्या धोतरावर हातानं थापायचे, वाळले की कापड उलटं करून पाठीमागून पाणी शिंपडत सोडवायचे. माझा पुण्याचा भाचा गच्चीवर आला, घाट्याचं पातेलं हुंगलं आणि म्हणाला, "मावशी, हे खराब झालंय, टाकून द्या." त्यालाच रात्री भाजलेला बिबडा आणि कच्चे शेंगदाणे दिले, तर चटणीही मागितली नाही, नुसताच खात बसला.

चोपडा_एक्स्प्रेस

माझं नाव शेवभाजीवरच्या तर्रीला. मुंबईचे पाहुणे आले की पहिला प्रश्न, "यात भाजी कुठे आहे?" वाटी वाकडी करून तेल ओतून टाकतात हो! डोळ्यांत पाणी येतं. त्यांच्या नव्हे, माझ्या.

आणि अजून एक, सातपुड्यात म्हणे काही लोक

[संपादित. धाग्याची अट पुन्हा वाचावी. 'म्हणे' या शब्दानं सुरू होणाऱ्या पदार्थांना इथं जागा नाही. – संपादक]

शिरपूरच्या_वैनी

बोंबील. दुसरं नावच नको.

समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठे, पण आठवडी बाजारात सुक्या बोंबलाचा, सुकटीचा ढीग असतोच. वसई, अर्नाळ्याकडे बांबूच्या वलांडीवर वाळतो आणि थेट आमच्या पावसाळ्यात येतो, भाज्या महाग असतात तेव्हा. डोकं-शेपूट खुडायचं, तव्यावर कोरडा भाजायचा, गरम पाण्यातून काढायचा, मग वांग्याबरोबर कालवण. नाहीतर निखाऱ्यावर भाजून लसूण-लाल मिरचीबरोबर खलबत्त्यात कुटायचा. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीवर ही चटणी असली की मला बाकी काही वाढू नका.

पण शिकायला पुण्यात होते तेव्हाची गोष्ट. आईनं डबा दिला होता, घट्ट झाकणाचा, वर दोन पिशव्या. खोलीतल्या मुलींनी मी वर्गात असताना तो डबाच कचऱ्यात टाकला. चटणी गेली त्याचं काही नाही. डबा आईच्या लग्नातला होता. वसतिगृहाच्या बाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, "तुम्ही लोक असलं आणताच कशाला?" त्यातलं 'तुम्ही लोक' अजून कानात आहे.

बिनमसाला

वैनी, डबा फेकणं चूकच. पण दुसरी बाजूही मांडतो, रागावू नका.

आमचं माळकरी घर, यावल तालुक्यातलं. बोंबील भाजल्याचा वास जिन्यात आला तरी माझ्या आईला खरोखर उलटी होते. नाटक नाही. हल्ली शहाणी माणसं लगेच सांगतात की हे सगळं सवयीचं असतं, मन मोठं करा. मन मोठं केल्यानं पोट ऐकत नाही. किळस येणं हा काही गुन्हा नाही, आणि जिना एकच आहे.

माझ्याकडून संग्रहालयाला भोकराचं लोणचं. आमच्याकडे बरणीभर असतं. आतला तो चिकट बलक बघून जावयानं ताट बाजूला सरकवलं होतं. आम्हाला तो चिकटपणाच आवडतो.

शिरपूरच्या_वैनी

@बिनमसाला, तुमच्या आईंना उलटी होते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. खिडकी लावा, मी पण दार लावून भाजीन, रविवारी सकाळी तुमची पूजा आटोपल्यावर भाजीन. हे शेजारधर्मात बसतं. पण घर भाड्यानं देताना "नॉनव्हेज चालणार नाही" हे आधी आडनाव विचारून ठरवतात, ते पोटाचं दुखणं नाही.

बिनमसाला

ते कबूल. तरी जिन्याचा प्रश्न उरतोच.

हिंगाष्टक

महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, म्हणून तोंड घालतो.

चार्ल्स डार्विननं १८७२ सालच्या भावनांवरच्या पुस्तकात एक प्रसंग लिहिलाय. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फुएगोत, तो डबाबंद थंड मांस खात होता. तिथल्या एका माणसानं बोटानं ते मांस दाबून पाहिलं आणि त्याच्या मऊपणाची त्याला शिसारी आली. इकडे डार्विनला शिसारी आली ती एका उघड्या माणसानं आपल्या खाण्याला हात लावल्याची, आणि तो स्वतःच लिहितो की त्याचे हात काही घाण दिसत नव्हते. एकाच घासाची दोघांना किळस, कारणं मात्र वेगळी. दोघंही आपापल्या जागी ठाम.

पुढे पॉल रोझिन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं याचे प्रयोग केले. १९८६ सालच्या एका अभ्यासात निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ सरबतात बुडवून काढलं आणि लोकांना प्यायला सांगितलं. झुरळ निर्जंतुक आहे हे सगळ्यांना माहीत, तरी लोक मागे सरकले. चॉकलेटची वडी कुत्र्याच्या विष्ठेच्या आकाराची केली तर तीही नको. याला घरगुती पुरावा हवा असेल तर स्वच्छ पेल्यात थुंका आणि तेच परत प्या. तोंडात होतं तोवर काहीच नव्हतं.

आता वासाचं. गव्हाच्या पाण्याला आणि आंबलेल्या घाट्याला जो आंबूस-उग्र दर्प येतो तो जीवाणूंनी केलेल्या आम्लांचा. त्यातलंच ब्युटिरिक आम्ल मुरलेल्या चीजमध्ये असतं, आणि उलटीतही. प्रयोगात लोकांना तोच वास एकदा 'चीज' म्हणून दिला आणि एकदा 'उलटी' म्हणून. पहिल्या वेळी पसंत, दुसऱ्या वेळी तोंडं वाकडी. तेव्हा बिनमसालाभाऊंच्या आईंना उलटी होते ती खरीच. फक्त ती नुसत्या नाकातून येत नाही.

आणि माझं नामांकन: हिंग. हसू नका. खडा हिंग घट्ट डबीत ठेवला तरी कपाटभर वास मारतो, कारण त्यात गंधकाची संयुगं ठासून भरलेली. मुळाला चिरा देऊन गळणारा चीक तो. सगळा अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून यायचा. आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौलमध्ये पहिलं रोप ऑक्टोबर २०२० मध्ये लावलं. तरी आपण शतकानुशतकं वरणात घालतोय आणि ड्युरियनला नावं ठेवतोय. ड्युरियनच्या वासामागेही गंधकाचीच संयुगं आहेत. सिंगापूरच्या मेट्रोत ते फळ न्यायला बंदी आहे. तिथं हिंगाची डबी घेऊन कोणी चढलं तर काय करतील, मला उत्सुकता आहे.

उत्तरेचा_पाटील

मी आत्ता स्वीडनमध्येच आहे, त्यामुळे माल्मोचं नाव वाचून राहवलं नाही.

इथं सुरस्ट्रॉमिंग नावाचा प्रकार असतो. बाल्टिक समुद्रातला हेरिंग मासा, मीठ अगदी बेताचं, त्यामुळे तो सडत नाही पण आंबत राहतो. डब्यात भरल्यावरही आंबणं चालूच, म्हणून डबा फुगतो. २००६ साली काही विमान कंपन्यांनी तो विमानात न्यायला मनाई केली. ऑगस्टमध्ये नव्या डब्यांचा हंगाम सुरू होतो. ऑफिसातल्या सहकाऱ्यानं घरी बोलावलं. घरात नाही हं, मागच्या अंगणात. बादलीभर पाण्यात डबा बुडवून उघडला, नाहीतर आतलं पाणी अंगावर उडतं. माशा कुठून आल्या कळलं नाही. माझी बायको कुंपणापर्यंत मागे गेली.

पण जेवायची पद्धत पाहिली आणि मी जरा सैलावलो. पातळ भाकरीसारखी पोळी, तिला लोणी, वर उकडलेला बटाटा, चिरलेला कांदा, आणि माशाचा अगदी बोटाएवढा तुकडा. सगळं गुंडाळून खायचं. चव खारट, आंबट, मागाहून कडवट. नाक धरलं नाही तर वास पुढे, चव मागे. धरलं तर निभतं. सहकारी म्हणाला, आमच्याकडचेही निम्मे लोक खात नाहीत. हे मला मोठं दिलासादायक वाटलं. आपण उगाच समजतो की आख्खा देश तेच खातो.

आइसलँडला गेलो तेव्हा तो शार्क पण चाखला. ग्रीनलँड शार्कचं ताजं मांस विषारी असतं, म्हणून आधी खडीत पुरून दाबतात आणि मग महिनोन्‌महिने छपराखाली टांगतात. तोंडात टाकला की अमोनिया थेट डोक्यात. आधी चव येते आणि मग पश्चात्ताप. पण खाणं टिकवायला दुसरं काही नव्हतं तेव्हा माणसं काय काय शिकली, हे त्या पांढऱ्या तुकड्यात दिसतं.

मालेगावी

चला, आता माझी पाळी. वजडी, म्हणजे जनावराचं पोट.

घरी आणली की पहिलं काम उकळत्या पाण्यात बुडवणं आणि सुरीनं वरची काळपट साल खरवडणं. साल निघाली की खाली मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी दिसते, पांढरी शुभ्र. चुना लावून धुवायची, पाणी बदलत राहायचं, वास पूर्ण जात नाहीच. आई म्हणायची, सगळा वास गेला तर ती वजडी कसली. मग मंद आचेवर तासन्‌तास. आमच्या गावात यंत्रमागावर रात्रपाळी करून सुटलेली माणसं पहाटे पाया-मुंडीच्या टपरीवर उभी असतात, तिथं शिसारीला वेळ नसतो.

आणि रक्ती. कंदुरीच्या बोकडाचं रक्त मीठ घालून थिजवायचं, वड्या पाडायच्या, कांद्यावर परतायच्या. माझी मुलगी, जी मटण आवडीनं खाते, ती रक्तीला हात लावत नाही. "बाबा, ते दिसतं." मी विचारलं मटण दिसत नाही का? तर म्हणे नाही, ते मसाल्यात असतं. याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गोळीवाला

औषधाचं दुकान आहे माझं. शुद्ध शाकाहारी गिऱ्हाईक कॅप्सूल घेऊन जातं, तिचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं. गोळीवरची चकाकी कधी कधी लाखेची, म्हणजे किड्याचा स्राव. लाल रंगात कधी कोचिनील, तोही किडाच. मिठाईवरचा चांदीचा वर्ख पूर्वी जनावराच्या आतड्यांच्या थरांमध्ये ठेवून कुटत. २०१६ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्याला मनाई केली. मधाचं तर बोलायलाच नको, मधमाशी पोटातूनच ओकते.

सांगून कोणाचं खाणं बंद करायचं नाही मला. फक्त एवढंच की न दिसलेल्या गोष्टीची किळस येत नाही. मालेगावीभाऊंची मुलगी बरोबर बोलली.

चोपडा_एक्स्प्रेस

गोळीवाला, आज संध्याकाळी पेढे आणणार होतो. धन्यवाद.

आबा_पांझराकाठ

आठे बठ्ठा शिकेल लोके शेतस. तरी दोन शब्द सांगस. पोटले भूक लागनी का नाक बंद व्हई जास.

पुढचं सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत लिहितो. १९७२ चा दुष्काळ. रेशनवर मिलो आली, अमेरिकेची लाल ज्वारी. आपण दादर ज्वारी खाणारी माणसं. दादरची भाकरी पांढरी, मऊ, दुसऱ्या दिवशीही लवते. मिलोची भाकरी लालसर, चरचरीत, आणि तिला एक कोंडट वास यायचा. तिकडे ती जनावरांना घालतात असं कोणीतरी गावात सांगितलं, मग तर गिळवेना. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, ती बरी वाटायची. पण मिलोची भाकरी आम्ही शाळेत धोतराच्या फडक्यात लपवून खायचो, पाठ फिरवून. भूक होती म्हणून खाल्ली. लाज होती म्हणून पाठ फिरवली. पाऊस झाला, दादर पिकली, त्यानंतर गावात मिलोचं कोणी नाव काढलं नाही.

आता नातू लाल ज्वारीचं पीठ पाकिटात विकत आणतो. त्यावर 'ग्लूटेनमुक्त' लिहिलेलं असतं. मी खात नाही.

हिंगाष्टक

आबा, यावर शास्त्राची पुरवणी जोडायचं धाडस करत नाही.

आखातातली_सिस्टर

मूळची अमळनेरची, आखातात नर्स आहे. खोलीत दोघी फिलिपिनो मैत्रिणी. बलुत म्हणजे बदकाचं अंडं, आत पिल्लू धरलेलं, उकडून खातात. वरून भोक पाडून आधी रस प्यायचा, मग मीठ किंवा व्हिनेगर घालून बाकीचं. त्यातली एक सुट्टीवरून आली की तिची गावाची आठवण म्हणजे बलुतच असते. मी खोलीबाहेर जाऊन बसायचे. ती काही म्हणायची नाही.

एकदा मी ताक केलं, मीठ-जिरं-हिंग घालून. तिनं एक घोट घेतला आणि बेसिनकडे धावली. "खारट, आंबट दूध! हे तू मुद्दाम पितेस?" मग खरवस दिला, गावाकडून चीक गोठवून आणला होता. गोड म्हणून खाल्ला, छान म्हणाली. नंतर मी सांगितलं की म्हैस व्यायल्यावर पहिल्या दिवसाचं हे दूध असतं. चमचा खाली. "वासराचं होतं ना?" आता बोला.

फैजपुरी

सिस्टर, आमच्याकडे वासराचं पोट भरल्यावरच काढतात, तिला सांगा. (सगळीकडे असं होतं असा माझा दावा नाही.)

रावेरी_बागवान

इतका वेळ वाचतोय, आमच्या केळीचं कोणी नाव घेतलं नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि भरिताच्या वांग्यालाही. पण घड पूर्ण निसवला की खालचं कमळ आम्ही तोडतो आणि बांधावर टाकतो. वर्षानुवर्षं. कोकणातला एक व्यापारी बागेत आला, ढिगाऱ्याकडे बघून म्हणाला, "हे फेकता?" दोन पोती भरून घेऊन गेला. तिकडे केळफुलाची भाजी, बंगालात तर सणासुदीला करतात. हाताला डिंक लागतो, काळे डाग पडतात, ताकात रात्रभर ठेवावं लागतं, मधली काडी एकेका फुलातून काढायची. माझ्या बायकोनं केली. मुलांनी तोंड वेंगाडलं. तुरट आहे म्हणाली. मला जमली.

तर ही उलटी किळस. ज्याच्या दारात पिकतं तोच खात नाही.

चोपडा_एक्स्प्रेस

भरिताचं नाव निघालंच तर एक भांडण सोडवा. गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताला संग्रहालयात ठेवायचं का? मला त्याचीच किळस येते.

फैजपुरी

ठेवा. बामणोदच्या पांढुरक्या-हिरव्या वांग्याला पराट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) जाळ, आणि लाकडी बडगीत कुटायचं. मिक्सरवाल्यांना वेगळं दालन.

सातपुड्याचा_मास्तर

वरती चोपड्याच्या भाऊंचं एक अर्धं वाक्य संपादकांनी काढलं. काढलं ते चांगलं केलं, पण ते काय असणार हे मला पाठ आहे. धडगाव, अक्कलकुव्याच्या शाळांमध्ये शिकवताना बदलून येणाऱ्या प्रत्येकानं पहिल्या आठवड्यात मला तेच विचारलंय. "हे लोक म्हणे..." कोणी ताटात बसून पाहिलेलं नसतं.

मी अटीतच लिहितो, माझ्या घरात जे खाल्लं जातं ते. मी पावरा आदिवासी. आमच्याकडे मोह. होळीच्या सुमारास पहाटे फुलं गळतात, बाया अंधारात टोपल्या घेऊन निघतात, कारण ऊन चढलं की फूल मऊ पडतं आणि जनावरंही येतात. झाडाखाली सकाळी इतका दाट गोड दर्प असतो की सवय नसेल त्याचं डोकं उठतं. फूल म्हणजे रसानं भरलेली पिवळट कुपी. वाळवून ठेवली तर वर्षभर पुरते, पण वाळलेल्या फुलाला उग्र वास येतो, आणि मोहाच्या बियांच्या तेलाला त्याहून जास्त. माझ्या डब्यात त्या तेलाची भाजी असली की शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची रिकामी व्हायची. कोणी काही बोलायचं नाही. फक्त सरकायचे.

लोकांना मोह म्हटलं की फक्त दारू आठवते. दारू आहेच, पूजेला लागते, ती लपवण्यासारखी गोष्ट नाही. पण आजीनं दुष्काळात पोरं जगवली ती फुलांवर, ज्वारीच्या पिठात मिसळून. आबांनी मिलोचं लिहिलं ते वाचून मला तिचीच आठवण झाली.

संग्रहालयात मोह ठेवायचा की नाही, ते मी ठरवत नाही. ठेवलाच तर शेजारी आमच्यातलं माणूस उभं असू द्या, खायचं कसं ते सांगायला. नुसती बरणी आणि नुसता वास ठेवू नका.

चोपडा_एक्स्प्रेस

मास्तर, 'म्हणे' मागे घेतलं. खरंच सांगा, आमच्यासारख्यानं मोह खाऊन बघायचा तर सुरुवात कुठून करायची? दारू सोडून. (घरचे धागा वाचतात.)

गिरणाकाठ

मलाही हवंय. आणि तेलाचं नंतर बघू, एकदम एवढी उडी नको.

शिरपूरच्या_वैनी

मास्तर, शिरपूरच्या बाजारात वाळलेली फुलं मिळतात, पण मी आणली ती काळी पडलेली, आत वाळू, आणि आंबूस. धुतली तरी कचकच लागलीच.

सातपुड्याचा_मास्तर

वैनी, ती झाडून गोळा केलेली असणार, वेचून नाही. झाडाखाली जाळी किंवा साडी अंथरून घेतलेली फुलं मागा, भाव जास्त सांगतील, तो द्या. रंग तांबूस हवा, काळा नको.

करायला सोपं. फुलाच्या आतले बारीक केसर काढून टाकायचे, तेच घशाला खवखवतात. दोन-तीन पाण्यांतून धुवा, थोड्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा, पाणी आटू द्या. तीळ खमंग भाजून घ्या, फुलांच्या निम्मे तरी. दोन्ही एकत्र कुटा, गूळ घालू नका, फूल स्वतःच पुरेसं गोड असतं. लाडू वळा. पहिल्या दिवशी एकच खा, सवय नसेल तर पोट बिघडतं. भाकरी करायची असेल तर शिजवलेली फुलं ज्वारीच्या पिठात मळा, तवा फार तापवू नका, साखर असल्यानं लगेच करपते.

ताजी फुलं बघायची असतील तर होळीला काठी गावाला या, तेव्हा आमच्याकडे सगळा डोंगर जागाच असतो. न्यायला स्टीलचा डबा आणा. प्लास्टिकच्या पिशवीत फुलं पाणी सोडतात आणि धुळ्याला पोचेपर्यंत आंबतात.